होईलराव

‘साहेब, याला साधारण किती दिवस...’ एवढं वाक्य होईपर्यंत होईलरावांचं उत्तर आलेलं असतं. ‘दोन.’ कशाला दोन, कुणाचे दोन, शनिवार-रविवार धरून की सोडून, असल्या तपशिलात ते शिरत नाहीत. समोरच्याचा चेहरा पडलेला त्यांना बघवत नाही, आणि मोठा आकडा ऐकला की चेहरे पडतात हे त्यांनी इतक्या वर्षांच्या नोकरीत भरपूर पाहिलंय. म्हणून आधी आकडा देऊन माणसाला मोकळं करायचं. कामाचं पुढे बघता येतं.

त्यांचं खरं नाव अर्थातच वेगळं आहे, पण ते सांगून उपयोग नाही. हिंजवडीपासून खराडीपर्यंत कुठल्याही सॉफ्टवेअर कंपनीत जा, एखाद्या मजल्यावर एक होईलराव सापडतोच. कुठे तो आर्किटेक्ट असतो, कुठे डिलिव्हरी मॅनेजर. लहान कंपनीत मालकच होईलराव असतो, म्हणजे त्याला अडवायलाही कुणी नाही. आमचे होईलराव प्रोजेक्ट मॅनेजर आहेत. मी टेस्टिंगमध्ये. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण सगळ्यांचे हुकलेले दिवस अखेर टेस्टिंगच्या वाट्यातून कापले जातात. तेव्हा माझ्याकडून तटस्थपणाची अपेक्षा नको.

‘दोन’ हे किरकोळ कामाचं झालं. काम मोठं असलं की होईलराव विचार करतात, आणि तो सोहळा पाहण्यासारखा असतो. पेनचं टोपण दातात, नजर छतावरच्या स्प्रिंकलरवर, ओठ किंचित हलताहेत. नव्या माणसाला वाटतं, आत केवढं गणित चाललंय. मी शेजारी बसून ऐकलंय. ‘स्क्रीन तीन, रिपोर्ट दोन, झालं,’ एवढंच ते पुटपुटतात. मग टोपण पेनला लागतं आणि आकडा बाहेर येतो. त्या आकड्यात खोटेपणा नसतो, हे त्यांच्या बाजूने सांगितलं पाहिजे. ते मनातल्या मनात स्वतःला कीबोर्डपुढे बसवतात आणि काम उरकतात. ते खरोखर बसले तर तेवढ्या दिवसांत होईलही. पण बसणार असतो तो सहा महिन्यांपूर्वी लागलेला मुलगा. होईलराव स्वतः शेवटचे बसले तेव्हा व्हिज्युअल बेसिक सहा चालत होतं.

अशा माणसाच्या शब्दावर कोण विश्वास ठेवणार, असं कुणालाही वाटेल. आमच्या ऑफिसात सगळे ठेवतात. फक्त भाव माहीत असावा लागतो. डेव्हलपर मंडळी त्यांचा आकडा तिपटीने धरतात. मी साडेतीनपटीने, कारण टेस्टिंग त्यात नसतंच. फायनान्समधली मुलगी बिलाची तारीख लावताना सरळ पुढची तिमाही टाकते. घरीही हाच भाव चालतो. एकदा ते नुकतेच बाहेर पडले असताना टेबलावर विसरलेला त्यांचा फोन वाजला, म्हणून मी उचलला. पलीकडे वहिनी. ‘अर्ध्या तासात पोचतो म्हणाले होते, निघाले का?’ मी म्हटलं, हो, आत्ताच. ‘बरं, मग कुकर आठला लावते,’ म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला. घड्याळात साडेसहा झाले होते.

होईलराव अडाणी आहेत असं मात्र कुणी समजू नये. अंदाज का चुकतात यावर जगात जे लिहिलं गेलंय, त्यातलं बरंचसं त्यांच्या टेबलावर आहे. फ्रेड ब्रुक्सचं ‘द मिथिकल मॅन-मंथ’ तर हाताशीच. आयबीएमच्या ओएस/३६० या अवाढव्य प्रकल्पाचा कारभार हाकल्यावर ब्रुक्सने ते १९७५ साली लिहिलं. उशीर झालेल्या प्रोजेक्टवर आणखी माणसं घातली की उशीर वाढतो, हा त्यातला नियम होईलराव कुणाला ना कुणाला ऐकवत असतात, आणि त्याच संध्याकाळी एचआरला फोन करून ‘दोन फ्रेशर मिळतील का’ असं विचारतात. त्याच पुस्तकात ब्रुक्सने वेळेची वाटणी दिली आहे : एक तृतीयांश आखणीला, एक षष्ठांश कोडिंगला आणि उरलेला अर्धा टेस्टिंगला. ते पान त्यांच्या नजरेस पडावं म्हणून मी पिवळी चिठ्ठी लावून ठेवली होती. चिठ्ठी त्यांना सापडली. तिच्यावर त्यांनी प्लंबरचा नंबर लिहून घेतला.

नव्या मुलांच्या ट्रेनिंगमध्ये ते डॅनिएल कानमनची गोष्ट सांगतात, आणि सांगतात झकास. इस्रायलमध्ये कानमन आणि मंडळी शाळेसाठी एक पाठ्यपुस्तक तयार करत होती. किती वेळ लागेल ते प्रत्येकाने कागदावर लिहून दिलं. आकडे दीड ते अडीच वर्षांच्या घरातले. मग कानमनने त्यांच्यातल्याच एका जाणत्याला विचारलं, अशी कामं हाती घेतलेल्या इतर गटांना किती लागला? तो गृहस्थ जरा ओशाळला. म्हणाला, सात वर्षांच्या आत कुणाचं झाल्याचं आठवत नाही, आणि बऱ्याच जणांचं झालंच नाही. हे ठाऊक असूनही मघाशी कागदावर त्याने इतरांसारखाच आकडा लिहिला होता. पुस्तकाला आठ वर्षं लागली. ही गोष्ट ‘दहाच मिनिटं घेतो’ म्हणून होईलराव सुरू करतात आणि मुलांची जेवणाची सुट्टी त्यात जाते.

प्लॅनिंग पोकरही त्यांनीच आणलं. जेम्स ग्रेनिंगने २००२ साली काढलेला हा खेळ साधा आहे. प्रत्येकाने आपल्या आकड्याचा पत्ता पालथा ठेवायचा आणि सगळ्यांनी एकदम उलटायचा. म्हणजे वरिष्ठाचा आकडा ऐकून धाकट्यांनी आपला बदलायचा प्रश्न येत नाही. होईलरावांनी पत्ते मागवले, स्वतःच्या हाताने वाटले आणि म्हणाले, ‘हे बघा, तुमच्यावर दडपण नको, म्हणून माझा मी आधीच दाखवतो.’ दुर्री. मग टेबलाभोवती एकेक पत्ता उलटत गेला. दुर्री, दुर्री, दुर्री. एका नव्या मुलीने आठचा पत्ता ठेवला होता. तो तिने उचलून पिशवीत टाकला आणि शेजाऱ्याकडून दुर्री उसनी घेतली. ‘बघा, एकमत,’ होईलराव म्हणाले.

खरा कस लागला तो कारखान्याच्या कामात. पश्चिम महाराष्ट्रातला एक सहकारी साखर कारखाना. ऊसनोंद, तोडणीचा प्रोग्रॅम, काट्यावरची वजनपावती, ऊसबिल, सगळं नव्या सॉफ्टवेअरवर घ्यायचं होतं. जुनं सगळं फॉक्सप्रोत, आणि ते लिहिणारा माणूस कधीच निवृत्त होऊन द्राक्षबागेत रमलेला. इतर क्लायंट गो-लाइव्हची तारीख महिना-महिना पुढे सरकवतात. साखर कारखान्याला ती सोय नाही. दसऱ्याच्या आगेमागे बॉयलर पेटतो, साखर आयुक्तांचा गाळप परवाना येतो, गव्हाणीत मोळी पडते आणि काट्यावर ट्रॅक्टरांची रांग लागते ती उन्हाळा येईतो हलत नाही. वर १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश आहे : ऊस पोचल्यापासून चौदा दिवसांत शेतकऱ्याला पैसे, नाहीतर वर्षाला पंधरा टक्क्यांनी व्याज. अशा ठिकाणी होईलरावांना पाठवायचं नसतं. पण त्यांनाच पाठवलं, कारण क्लायंटला ते फार आवडतात.

मे महिना, कारखान्याचा मीटिंग हॉल, दुधाळ चहा. समोर कार्यकारी संचालक, म्हणजे एमडी साहेब, चीफ अकाउंटंट आणि शेती अधिकारी. अकाउंटंटनी विचारलं, ‘ऊसबिलाला किती दिवस लागतील?’

टोपण दातात गेलं. ‘वजन गुणिले दर. दोन आठवडे धरा.’

‘आणि कपाती?’

‘त्या होतील की.’

अकाउंटंट काही बोलले नाहीत. त्यांनी शिपायाला हाक मारून रजिस्टर मागवलं. दोन हातांनी उचलावं लागेल असं ते रजिस्टर टेबलावर आलं आणि पुढचा तासभर त्यांनी आम्हाला वजन गुणिले दर म्हणजे काय ते शिकवलं. आधी वजनातून बांधणीची वजावट. ऊस जळीत असेल तर त्याचा वेगळा कट. मग सोसायटीच्या कर्जाची वसुली, मग कारखान्याने दिलेलं बेणं, खत, उपसा योजनेची पाणीपट्टी, सभासदाची ठेव. बिलाची रक्कम या सगळ्यांना पुरली नाही, तर आधी कुणाचं कापायचं याचा क्रम ठरलेला, आणि गेल्या वर्षी संचालक मंडळाच्या ठरावांनी तो दोनदा बदललेला. त्यातून गट एकच, पण भाऊ तिघे. नोंद वडलांच्या नावावर आणि वडील वारलेले. वारसनोंद झालेली नाही, पण ऊस तर गव्हाणीत पडून गेला. ‘याचं बिल कुणाच्या नावावर काढायचं?’ अकाउंटंटनी विचारलं. आमच्या एका डेव्हलपरने वहीत ‘इफ’ लिहिलं आणि पेन थांबवला.

शेती अधिकारी इतका वेळ गप्प होते. अंदाज सांगणं हा तर त्यांचाच धंदा. लागणीच्या वेळी कारखान्याचा चिटबॉय नोंद घेतो, तेव्हा एकरी किती टन निघेल त्याचा एक आकडा असतो. पावसाळ्यानंतर पुन्हा रानात जाऊन बघतात, आकडा बदलतो. तोडणीच्या तोंडावर पुन्हा बघतात, पुन्हा बदलतो. आडसाली वेगळा, सुरू वेगळा, खोडवा वेगळा. आकडा बदलला म्हणून तिथे कुणी कुणाची कॉलर धरत नाही. कारखाना किती दिवस चालणार ते मात्र त्याच आकड्यांवर ठरतं.

‘साहेब,’ ते होईलरावांना म्हणाले, ‘तुमचं हे दोन आठवडे कुठल्या पाहणीचं?’

‘म्हणजे?’

‘म्हणजे रान बघून सांगताय का नोंदवही बघून?’

बॅरी बोहम या अमेरिकन गृहस्थाने १९८१ साली सॉफ्टवेअरच्या अर्थकारणावर जाडजूड पुस्तक लिहून हेच आलेखात मांडलंय. काम नुसतं कल्पनेत असताना दिलेला आकडा प्रत्यक्षात चौपट होऊ शकतो किंवा पावपटीवरही येऊ शकतो, आणि जसजसं काम उलगडत जातं तसतसं हे अंतर मिटत जातं. ते पुस्तकही होईलरावांच्या कपाटात आहे. शेती अधिकाऱ्यांच्या प्रश्नावर ते मनापासून हसले, ‘वा, वा’ म्हणाले, आणि ‘तेवढा बफर धरलाय’ म्हणून त्यांनी विषय संपवला. एमडी साहेब हसले नाहीत.

मग पुण्यात काम सुरू झालं. दर शुक्रवारी कारखान्याला रिपोर्ट जायचा : हिरवा म्हणजे वेळेवर, पिवळा म्हणजे जरा जपून, लाल म्हणजे बोंब. जून हिरवा गेला. जुलै हिरवा गेला. आमच्या धंद्यात अशा रिपोर्टला कलिंगड म्हणतात, वरून हिरवं आणि आतून लाल. आत काय चाललंय ते होईलरावांना पक्कं माहीत होतं. कपातींच्या क्रमापाशी टीम अडकून पडली होती. पण ‘आत्तापासून कशाला त्यांची झोप उडवायची, होईल तोवर’ असं त्यांचं म्हणणं. यात लबाडी किती आणि माया किती, हे मला आजतागायत ठरवता आलेलं नाही. क्लायंटला वाईट बातमी न देणं ही त्यांच्या लेखी माणुसकी आहे. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला ऑपरेशनचा खर्च सांगत नाहीत, तसलं काहीसं.

काट्यावरचं वजन थेट स्क्रीनवर आणायचं काम त्यांनी अर्ध्या दिवसाचं धरलं होतं. काट्याचा इंडिकेटर वजन पाठवतो ते जुन्या पद्धतीच्या सिरीयल केबलवरून. कारखान्याने हौसेने घेतलेल्या नव्या कॉम्प्युटरला ते पोर्टच नव्हतं. कन्व्हर्टर आणला. तो काढून दुसऱ्या भोकात घातला की पोर्टचा नंबर बदलायचा आणि वजन गायब व्हायचं. तेही निस्तरलं. अखेर वजन आलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि मी बाहेर जाऊन इंडिकेटरवरचा आकडा बघून आलो. बाहेर १७४२०, आत ०२४७१. इंडिकेटर अंक उलट्या क्रमाने पाठवत होता, तशा जातीचे इंडिकेटर असतात. सव्वासतरा टनांच्या वर भरलेल्या ट्रॉलीची अडीच टनांची पावती एखाद्या शेतकऱ्याच्या हातात पडली असती तर आम्ही त्या गावातून चालत बाहेर पडलो नसतो. तो अर्धा दिवस आठवडाभर चालला. होईलरावांनी रिपोर्टमध्ये लिहिलं : ‘काटा जोडला. हिरवा.’

ऑगस्टमध्ये आमच्या टीम लीडने, मूळची सांगलीची बाई, होईलराव रजेवर असताना थेट चीफ अकाउंटंटना फोन लावला. इकडचं तिकडचं काही नाही. ‘साहेब, काटा आणि पावती मोळीपूजनाला तयार असेल. कपाती होणार नाहीत. पहिल्या दोन पंधरवड्यांची बिलं जुन्या प्रोग्रॅमवर काढावी लागतील. तिसऱ्याचं मी आज सांगत नाही, पंधरा सप्टेंबरला सांगते.’ मी पलीकडच्या ओरड्याची वाट बघत बसलो होतो. तिकडून शांतपणे आवाज आला : ‘बरं झालं मॅडम आत्ता सांगितलंत. जुन्या प्रोग्रॅमचं मशीन भंगारात चाललं होतं. थांबवतो.’ पंधरा सप्टेंबरला सकाळी तिने फोन केला आणि तिसरा पंधरवडाही जमणार नाही, चौथा जमेल, असं सांगितलं. चौथा जमला. तेव्हापासून कारखान्यातून फोन आला की ‘मॅडम आहेत का?’ एवढंच विचारतात. होईलरावांना याचं वाईट वाटलं. ‘मी एवढा गोड बोलतो,’ ते मला म्हणाले, ‘आणि ती दर वेळी नाहीच म्हणते.’

तो हंगाम पार पडला. मग बायकोने म्हणा, मॅडमने म्हणा, की एमडी साहेबांच्या न हसण्याने म्हणा, होईलरावांच्या मनात काहीतरी हललं. पुढच्या मे महिन्यात कारखान्याने तोडणी-वाहतुकीचे करार आणि मुकादमांच्या उचलीचा हिशेब हे नवं काम दिलं. यावेळी ते स्वतः गट ऑफिसात जाऊन दोन मुक्काम राहिले. कराराच्या फाइली चाळल्या, उचल फिटली नाही तर काय करता ते मुकादमांना विचारलं. परत आल्यावर पत्ते वाटले आणि, आमचा विश्वास बसेना, स्वतःचा पालथा ठेवला. आकड्यांवरून दोन दिवस भांडण झालं. टेस्टिंगचे दिवस वेगळे धरले. ती ओळ मी दोनदा वाचली. सगळं सुरळीत गेलं तर चार आठवडे, बहुधा सहा, फारच घोळ झाला तर नऊ. असा आकडा त्यांच्या तोंडून आजवर कुणी ऐकला नव्हता.

तोच हॉल, तसाच चहा. होईलरावांनी टोपण खिशात ठेवलं, कागद पुढे सरकवला आणि शांतपणे म्हणाले, ‘सहा आठवडे.’

एमडी साहेबांनी मान डोलावली आणि अकाउंटंटकडे वळून म्हणाले, ‘सहा म्हणतायत. अठरा लिहा.’

‘नाही साहेब,’ होईलराव कळवळून म्हणाले, ‘या वेळी खरंच सहा.’

‘खरंच म्हणाले,’ शेती अधिकारी हळूच बोलले. ‘वीस धरा.’

होईलरावांनी माझ्याकडे पाहिलं. मी चहात बिस्किट बुडवत होतो. काय बोलणार? तो भाव ठरवायला मीही वर्षानुवर्षं हातभार लावला होता.

काम सहाव्या आठवड्याच्या गुरुवारी संपलं. टेस्टिंगसकट. होईलरावांनी स्वतः फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू यावं म्हणून स्पीकरवर टाकला.

‘झालं?’ अकाउंटंट म्हणाले. ‘आत्ताच कसं झालं? मॅडम आहेत का तिथं?’

मॅडम म्हणाल्या, झालं.

‘टेस्टिंगवाले?’

मी म्हटलं, झालं.

‘अहो पण आमचा सर्व्हर सप्टेंबरात यायचाय. त्याच हिशेबानं ऑर्डर दिलीय. पोरंही रजेवर सोडलीत. करार वहीवरच चाललेत सध्या, चालू द्यात. तुम्ही पुन्हा एकदा नीट बघून घ्या, घाईत काहीतरी राहिलं असंल.’

‘साहेब, पण आम्ही जूनच सांगितला होता,’ होईलराव म्हणाले.

‘होय की. म्हणून तर सप्टेंबर धरला.’